घाडीमास्तरांचा बिल्ला

सहदेव घाडीला कुत्री आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे दहिसरात त्याच्याविषयी नाही नाही त्या कथा पसरल्या. लहानपणी तो गावी पिल्लांबरोबर एका पत्रावळीवर जेवायचा, त्याला कुत्र्यांची भाषा येते, अमावास्येला कुत्री त्याच्या दारात सल्ला विचारायला येतात, वगैरे. खरी गोष्ट एवढीच, की समोरून कुत्रं आलं की सहदेव रस्ता बदलायचा, आणि रस्ता बदलायला जागा नसली की बायकोला पुढे घालायचा.

अशा माणसाने कुत्र्यांना शिकवण्याचा धंदा का काढला, याचं कारण खिळ्यावरचा युनिफॉर्म.

गिरण्यांचा संप लागून दोन वर्षं होत आली होती. संप मिटला असं काही जण म्हणत, चालू आहे असं काही जण म्हणत. सहदेवच्या गिरणीच्या फाटकाला कुलूप होतं आणि ते काहीच म्हणत नव्हतं. अठरा वर्षं साचेखात्यात मागावर कापड विणलेला माणूस घरात बसून बायकोला पापड लाटताना बघत होता. बघवेना म्हणून गॅलरीत जाऊन बसला, तर शेजारची मालन त्याच्या पुढ्यात तांदळाचं सूप ठेवून जायची. "बसलायसाच तर निवडा." अशातच बायकोचा, म्हणजे नलिनीचा, भाऊ चंद्रप्रकाश मदतीला धावला. तो वॉचमन पुरवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. त्याने नदीपलीकडच्या हिमगिरी सोसायटीत भावोजींसाठी जागा धरून ठेवली, आणि एवढ्यावर न थांबता खाकी युनिफॉर्म, टोपी आणि शिट्टी आणून सहदेवच्या खोलीत खिळ्याला टांगली.

"भावोजी, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सत्तावीसला ड्यूटीवर. सोसायटी झकास आहे. गाड्या आल्या की सलाम मारायचा, बस."

त्या 'बस'ने सहदेवचं जेवण गेलं. कुठलंच काम हलकं नसतं हे तो स्वतः दुसऱ्यांना सांगायचा. चाळीतले निम्मे पुरुष वॉचमन झाले होते आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं. पण दोन वर्षं मोर्च्यात मूठ आवळून वर केलेला हात आता फियाटसाठी कपाळाला लावायचा, या विचाराने त्याला खरंच रडू यायचं. आणि तो युनिफॉर्म भिंतीवरून त्याच्याकडे एकसारखा बघत असायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी सहदेव कृष्णाबाई कोळणीकडून सुकट घेऊन येत होता. तेवढ्यात हिमगिरीचे सेक्रेटरी पाठारे यांचा टायगर नावाचा अल्सेशियन साखळी तोडून चाळीच्या आवारात शिरला. लोक पाण्याच्या टाकीवर चढले. गुडघ्यांमुळे वर्षभर जिना न चढलेले धोंडिरामतात्या नंतर दुसऱ्या मजल्यावर सापडले. सहदेव मात्र जागीच थिजला. पाय हलेनात, तोंडातून शब्द फुटेना; हात तेवढा उठला. आता हात का उठला, तर साचेखात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नसतो, तिथली माणसं आयुष्यभर खुणांनी बोलतात. त्या सवयीने सहदेवने तळवा खाली दाबून खूण केली. खुणेचा अर्थ, 'साचा थांबव.'

टायगर बसला.

का बसला हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. कृष्णाबाईच्या मते सुकटीच्या वासाने, धोंडिरामतात्यांच्या मते घाडी घराण्याच्या पुण्याईने, आणि नलिनीच्या मते दमून. पण पाठारे धापा टाकत आले ते हात जोडूनच.

"वा! ओरडला नाहीत, दगड उचलला नाहीत! तुम्ही ट्रेनर आहात का हो?"

सहदेवची दातखीळ बसली होती. तिला लोक संयम समजले. वर गॅलरीमागच्या उघड्या दारातून त्याला खिळ्यावरचा युनिफॉर्म दिसला आणि त्याने मान डोलावली.

"मग सुरूच करा की," पाठारे म्हणाले. "आमच्याकडे चोऱ्या वाढल्यात म्हणून चार घरांनी मिळून पाच कुत्री पाळली. एकही कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सव्वीस जानेवारीला मोठे पाहुणे आहेत, त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक दाखवा. जमलं तर सोसायटीचा मोकळा प्लॉट तुमच्या शाळेला कायमचा."

"आणि नाही जमलं तर सत्तावीसला ड्यूटी," चंद्रप्रकाश म्हणाला. तोही टाकीवरच होता.

चाळीत पाण्याची टंचाई असे, सल्ल्याची कधीच नसे. मालन म्हणाली, कुत्र्याला आधी उपाशी ठेवायचं. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, आधी पोटभर खायला घालायचं. कृष्णाबाईने तर धंद्याच्या मुळावरच घाव घातला.

"कुत्र्याला शाला कशाला रं? मी टोपली उतरवली का सगली रांगेन बसतान."

नलिनीने एकच वाक्य ऐकवलं. "अहो, गावचं कोंबडं तुमचं कधी ऐकलं नाही, अल्सेशियन ऐकणार?"

धोंडिरामतात्यांनी मात्र बजावलं, की देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय शाळा काढायची नाही. मग एका सकाळी प्लॉटवर नारळ ठेवून, पाची विद्यार्थ्यांना रांगेत बांधून गाऱ्हाणं सुरू झालं. रांगेत पहिला टायगर. मग शहांचा रॉकी, जन्मापासून शाकाहारी. मग कंत्राटदाराच्या घरचे सुलतान आणि राजा हे सख्खे भाऊ, जे प्रत्येक गोष्टीत एकमेकांची कॉपी करत. शेवटी प्रेमावहिनींची लिली, पावडरच्या पफाएवढी पामेरियन.

"बा देवा म्हाराजा," तात्यांनी सूर लावला, "ह्या लेकरान आज कुत्र्यांची शाळा काढल्यान हा, तेका येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळकरी म्हणाले. आणि पाठोपाठ रॉकीने मान वर करून लांबलचक हेल काढला.

"कोणाची वायट नजर लागली असात, ती बारा वेशीभायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि या वेळी पाचही जणांनी हेल काढला, तोही नेमका जागेवर. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीतली पोरंसुद्धा इतक्या लवकर गाऱ्हाणं शिकली नव्हती, असं ते पुढे महिनाभर सांगत होते.

देवाची परवानगी झाली. पाठाऱ्यांना पालिकेची हवी होती. "कागद आणा, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको."

कचेरीतल्या पहिल्या खिडकीने 'शाळा' हा शब्द ऐकून सहदेवला शिक्षणाच्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या बाईंनी विद्यार्थ्यांचं वय विचारलं. तीन वर्षं म्हटल्यावर बालवाडीचा फॉर्म काढला, आणि पालकांचा व्यवसाय विचारताना सगळा उलगडा झाला. बाई पाणी पिऊन आल्या. तिसरी खिडकी म्हणाली, जनावरांचं असेल तर देवनारला जा. दहिसर ते देवनार म्हणजे मुंबईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. तीन बस बदलून सहदेव पोचला, तेव्हा तिथल्या कत्तलखान्यातल्या एका सज्जन माणसाने त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि सगळं शांतपणे ऐकलं.

"घाडीसाहेब," तो म्हणाला, "चुकीच्या टोकाला आलात. इथं येणाऱ्या जनावराचं पुढे काही शिकायचं राहिलेलं नसतं."

सहदेव पाचव्यांदा खिडकीवर उभा राहिला, तेव्हा कारकून हात टेकून म्हणाला, "हे बघा, कुत्रा हा शब्द छापलेला फॉर्म माझ्याकडे एकच आहे. तोच भरतो, शिक्का मारतो, आणि परत तोंड दाखवू नका." तो फॉर्म कुत्रं पाळण्याच्या परवान्याचा होता. नाव, सहदेव घाडी. रंग, सावळा. उंची कारकुनाने नजरेने मोजली. ओळखीची खूण, उजव्या कानामागे तीळ. शेपटीच्या रकान्याशी तो थबकला, सहदेवकडे एकवार बघितलं आणि आडवी रेघ मारली. वर एक पितळी बिल्ला दिला, नंबर चारशे अकरा, आणि सूचना वाचून दाखवली, "गळ्यात दिसेल असा बांधावा."

पाठाऱ्यांनी नुसता शिक्का बघितला आणि समाधान पावले. चाळीने मात्र सगळा फॉर्म मोठ्याने वाचला. दोन दिवस सहदेव जिना चढला की वरून कुणीतरी विचारायचं, "इंजेक्शन टोचून घेतलंत का?" त्याने बिल्ला मात्र जपून ट्रंकेत ठेवला. गिरणीचा पास गेल्यापासून त्याच्या नावाचं सरकारी शिक्क्याचं काहीच घरात नव्हतं.

मग शिकवणं सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी एक अडचण निघाली. साचेखात्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला आवाज दोनच येतात, बंद आणि भोंगा. सहदेव टायगरला "बस!" म्हणाला, तर नदीवरचे दोन धोबी खाली बसले आणि लिली दोरी तोडून चेकनाक्यापर्यंत पळाली. तेव्हा त्याने तोंड बंद केलं आणि गिरणीच्या खुणा काढल्या. तळवा खाली दाबला, म्हणजे बस. तळवा पुढे ढकलला, म्हणजे पुढे हो. साचेखात्यात धागा तुटला की जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, बोलवायला हात वर करत, ती भुंकायची खूण झाली. मूठ मिटून छातीकडे ओढली, की दिसेल ती वस्तू उचलून मला आणून दे. आणि डोक्यावर दोन्ही मनगटांची फुली म्हणजे भोंगा झाला, साचे बंद, मुकाट रांगेत घरी चला.

नलिनी रोज प्लॉटच्या कडेला सुकटीची पिशवी घेऊन बसायची. तिला या खुणा नव्या नव्हत्या. सहदेव पाळीवरून यायचा तेव्हा त्याचे कान बधिर असायचे, त्यामुळे लग्नापासून दोघांचं निम्मं बोलणं हातांनीच झालं होतं. भांडणसुद्धा खुणांनीच होई. ते चाळीला ऐकू जात नसे, म्हणून चाळ बघायला येई.

तीन आठवड्यांत कुत्री खरोखर शिकली. सगळ्यांत जास्त धक्का सहदेवलाच बसला. मालक मंडळी आली की तो त्यांना इंग्रजीत हुकूम द्यायला लावी. शहा "सिट" म्हणत, मागून सहदेव कमरेपाशी हळूच तळवा दाबी, रॉकी बसे आणि शहांची छाती फुगे. धंद्याची गुपितं अशी चारचौघांत सांगायची नसतात, असं त्याचं मत होतं. त्या मताने पुढे त्याची वाट लागली, पण ते पुढचं.

आधी रॉकीने घोटाळा केला. बक्षीस म्हणून मिळणारी सुकट त्याला इतकी मानवली, की घरी त्याने जेवण सोडलं.

"सहदेवभाई," शहा कळवळून म्हणाले, "आज त्याने खाखरा परत केला. खालच्या मजल्यावरच्या सारस्वतांच्या दाराशी जाऊन रडतो. आमची इज्जत काय राहिली?"

सहदेवने रॉकीसाठी वेगळी, शेंगदाण्यांची पिशवी केली. रॉकीने शेंगदाणे तोंडात घेतले, सहदेवकडे बघितलं आणि त्याच्या चपलेवर ठेवले.

नंतर लिली. टायगरसारखं धूड सहदेवचे कान चाटत होतं, आणि या पफाने वीस जानेवारीला त्याच्या उजव्या अंगठ्याचा लचका तोडला. त्या काळी कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. प्रेमावहिनी कण्हणाऱ्या सहदेवला म्हणाल्या, "ती उगाच नाही हं चावत कुणाला. तुम्हीच काहीतरी बोलला असाल."

म्हणजे सव्वीस जानेवारी उजाडली तेव्हा सहदेवच्या पोटात सहा इंजेक्शनं झाली होती, उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता, आणि घरात चंद्रप्रकाश युनिफॉर्मला इस्त्री करत होता.

झेंडावंदन व्यवस्थित झालं. पाहुणे होते माजी नगरसेवक रामचंद्रशेट. पाठाऱ्यांनी कुत्र्यांना व्यासपीठासमोर रांगेत बसवलं. आधी भाषण, मग प्रात्यक्षिक. सहदेव बाजूला उभा होता. दोन हातांची फुली सोडून बाकीच्या खुणा तो डाव्या हाताने चार दिवस घटवत होता आणि आपलं निभेल असं त्याला वाटत होतं. त्याच्या हिशेबात एकच गोष्ट आली नव्हती. रामचंद्रशेट तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलत.

"बंधूंनो, आपल्याला पुढे जायचंय!" शेटनी तळवा पुढे ढकलला.

पाच कुत्री चार पावलं पुढे आली. लोकांना ते कौतुकाचं वाटलं.

"या इथं, याच जमिनीवर, उद्यान होणार!" तळवा खाली दाबला. कुत्री बसली. टाळ्या पडल्या. सहदेवच्या पाठीवरून मात्र घामाची धार निघाली.

"आणि पुढे, पुढे, पुढेच जात राहायचं!"

कुत्री व्यासपीठावर चढली. शेट एक पाऊल मागे सरकले आणि माणसांना गप्प करायची सवय असलेल्या माणसाप्रमाणे त्यांनी हात वर केला. पाचही कुत्री एका दमात भुंकली. शेटनी दुसराही हात वर केला. कुत्र्यांनी दुप्पट जोर लावला, रॉकीने मान वर करून गाऱ्हाण्याचा हेल काढला, आणि तिसऱ्या रांगेत डुलकी घेत असलेले धोंडिरामतात्या दचकून ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"अहो, आवरा यांना!" पाठारे किंचाळले. सहदेव डाव्या हाताने बसायची खूण करत धावला, पण शेट हात खाली घेतील तर शपथ. कुत्र्यांना दोन जॉबर झाले, आणि त्यांनी व्यासपीठावरच्या जॉबरचं ऐकलं.

"घाबरणार नाही मी!" शेट खरोखरच धीराचे, त्यांनी भाषण सोडलं नाही. "विकास आपण खेचून आणू!" आणि मूठ मिटून छातीकडे ओढली.

टायगरने त्यांच्या हातातला भाषणाचा कागद घेतला. सुलतान आणि राजाने दोन बाजूंनी धरून टोपी उचलली. रॉकीने सत्काराची शाल ओढली. लिलीने आपल्या कुवतीप्रमाणे पाठाऱ्यांची एक चप्पल आणली. आणि हे सगळं सामान पाची जणांनी इमानेइतबारे आणून सहदेवच्या पायाशी ठेवलं, कारण आणून कुणाला द्यायचं हे त्यांना पक्कं शिकवलेलं होतं. एवढ्या लोकांसमोर, सत्काराच्या शालीशेजारी उभ्या असलेल्या सहदेवला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आता सगळं थांबवायला एकच खूण होती, दोन मनगटांची फुली, आणि त्याचा एक हात झोळीत अडकला होता. झोळी सुटेना. रांगेच्या टोकाला चंद्रप्रकाश सत्तावीस तारखेच्या चेहऱ्याने उभा होता.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून नलिनी उठली. पदर खोचला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटांची फुली केली. बांगड्या वाजल्या तेवढाच आवाज.

कुत्री गप्प झाली. एकामागोमाग रांगेत चालत गेली आणि तिच्यासमोर बसली. लिलीसुद्धा.

 मग रामचंद्रशेटनी बोडक्या डोक्यावरून हात फिरवला.

"वीस वर्षं भाषणं करतोय मी," ते म्हणाले. "पुढे चला म्हटल्यावर पुढे येणारी आणि बसा म्हटल्यावर बसणारी सभा आज पहिल्यांदा भेटली. सेक्रेटरी, यांना प्लॉट द्या. मास्तर कोण?"

पाठाऱ्यांनी हार उचलला आणि सरळ नलिनीच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सहदेव शेटची टोपी हातात घेऊन उभा होता. पोटात सहा इंजेक्शनं, हातात बारा टाके नसले तरी दोन होते, देवनारची वारी झाली, शेपटीचा रकाना झाला, आणि हार बायकोला. त्याने टोपीनेच डोळे पुसले. पडलो असतो तरी इतकं लागलं नसतं, असं त्याला वाटलं.

नलिनीने लांबून त्याच्याकडे बघितलं. टाळ्यांत काही ऐकू येण्यासारखं नव्हतं, म्हणून ती हातांनीच बोलली. आधी आपले दोन्ही हात दाखवले, मग बोट त्याच्याकडे केलं. 'हे बोलायला कुणी शिकवलं?' आणि वर डोळे वटारून, 'रडताय काय, टोपी द्या त्यांची.'

सहदेवने टोपी दिली. देताना दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची मान ताठ होती.

सत्तावीस तारखेला चंद्रप्रकाश सकाळी सातला हजर झाला. खिळा रिकामा होता. नलिनी मशीनवर बसून खाकी विजारीच्या पिशव्या शिवत होती, पाच सुकटीच्या आणि एक शहांना दाखवायला, शेंगदाण्यांची.

"अगं, कंपनीचा युनिफॉर्म तो!"

"टोपी राहिलीय, ती घेऊन जा," नलिनी म्हणाली. "शिट्टी ठेव. कधी लागली तर."

पुढच्या रविवारी प्लॉटवर पाटी लागली. पाठाऱ्यांनी परस्पर रंगवून घेतली होती, त्यामुळे तिच्यावर मोठ्या अक्षरांत नलिनी घाडी होतं आणि खाली बारीक अक्षरांत, मदतनीस सहदेव. सहदेवने पाटी दोनदा वाचली. मग ट्रंकेतला पितळी बिल्ला आणून त्याने सदऱ्याच्या खिशावर लावला, दिसेल असा. मदतनीस तर मदतनीस. कागद कुणाच्या नावावर आहे हे जगाला कळायला हवं.

बाराच्या सुमारास चाळीच्या गॅलरीत नलिनी आली. नदीच्या या काठावरून तिने दोन्ही हात वर करून मनगटांची फुली केली. भोंगा झाला, जेवायला चला. प्लॉटवरची पाच कुत्री मुकाट उठून रांगेला लागली, आणि त्यांच्या मागोमाग सहदेवही. सहांपैकी परवाना तेवढा त्याच्याकडेच होता.